जिरोकास्तर: दगडी छपरांखालचे चार दिवस

अल्बेनियाच्या दक्षिण टोकाला, ग्रीसच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर, द्रिनो नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून एका डोंगरउतारावर जिरोकास्तर वसलं आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास. भिंती दगडाच्या, गल्ल्या दगडाच्या, छपरंसुद्धा दगडाची. बहुतेक प्रवासी सारांदाच्या किनाऱ्यावरून सकाळी येतात, किल्ला बघतात, जेवतात आणि दुपारच्या बसने परततात. त्यात फोटो चांगले मिळतात, पण गाव हाती लागत नाही. इथला खरा इतिहास किल्ल्यापेक्षा घरांत आहे, आणि घरं घाईत बघता येत नाहीत. दगडाचं म्हणून नावाजलेलं हे गाव उभं आहे लाकडाच्या भरवशावर, आणि पडतं तेही लाकडामुळेच. ते बघायचं तर चार दिवस हवेत.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर अल्बेनियाचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. पण शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध मल्टिपल एन्ट्री व्हिसा असेल आणि तो त्या देशात एकदा वापरलेला असेल, तर वेगळ्या व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. अडचण येते ती ‘वापरलेला’ या अटीवर: कोरा शेंगेन व्हिसा घेऊन थेट तिरानाला उतरलात तर तो चालत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ताजा नियम बघूनच घ्या.

चलन लेक. एक लेक ढोबळमानाने एक रुपया, त्यामुळे हिशेब सोपा. घोटाळा वेगळाच आहे. १९६५ साली चलन बदललं आणि जुन्या दहा लेकांचा एक नवा लेक झाला. त्याला साठ वर्षं झाली, तरी भाजीवाले, टॅक्सीवाले, वयस्कर दुकानदार अजून जुन्या लेकांतच बोलतात. कोणी ‘हजार’ म्हणाला तर त्याला शंभर हवे असण्याची शक्यता जास्त. ही सहसा फसवणूक नसते, सवय असते. आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून घ्यायचा आणि मगच पाकीट उघडायचं. रोख रक्कम जवळ हवी. घरांची तिकिटं, बस आणि छोट्या खानावळी इथे कार्ड चालेलच असं नाही.

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतो आणि रात्रीपर्यंत निवत नाही. पाऊस आपल्या उलट: उन्हाळा कोरडा, हिवाळा ओला. ओल्या दिवसांत गल्ल्यांतला घासून गुळगुळीत झालेला दगड इतका निसरडा होतो की गावकरीही भिंतीला धरून उतरतात. रबरी तळव्याचे, खाचा न झिजलेले बूट घ्या. चाकांची बॅग चढावर निकामी ठरते; पाठीवरची सॅकच बरी.

पहिला दिवस: बसथांबा ते बाजार

तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्या वंशाने अल्बेनियन, जन्म १९१० साली स्कोप्येचा. तिरानाहून दक्षिणेकडच्या बसने जिरोकास्तरला साधारण चार तास लागतात. बस सकाळी जास्त असतात, दुपारनंतर विरळ होत जातात. कुठल्या टर्मिनलवरून सुटेल हे आदल्या दिवशी हॉटेलात विचारा. तिरानातले बसथांबे आजवर अनेकदा हलले आहेत आणि नकाशावरची जागा जुनी असू शकते. डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीतून डोंगर दिसतात, पण तेपेलेना आलं की बाहेर लक्ष द्या. हे अली पाशाचं गाव. ऑटोमन सत्तेत राहून जवळपास स्वतंत्र राज्य चालवणारा हा सरदार आजच्या ग्रीसमधल्या योआनिनाहून दक्षिण अल्बेनिया आणि वायव्य ग्रीस ताब्यात ठेवून होता. १८०९ साली कवी बायरन त्याला भेटायला तेपेलेनाला आला होता. १८२२ साली सुलतानाच्या माणसांनी अली पाशाला मारलं. पुढचे चार दिवस हा माणूस पाठ सोडत नाही.

बस जिरोकास्तरच्या नव्या भागात, खाली हमरस्त्यावर सोडते. जुनं गाव वर आहे. चालत अर्धा तास, पण चढ खडा. सामान असेल तर टॅक्सी करा, भाडं आधी ठरवा, आणि टॅक्सी तुमच्या दारापर्यंत जाईलच असं धरू नका. बऱ्याच गल्ल्यांत ती शिरत नाही.

संध्याकाळ बाजारासाठी. बाजाराची मांडणी सतराव्या शतकातली, मेमी पाशाच्या काळातली. आजची दुकानं मात्र एकोणिसाव्या शतकातल्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. चढ-उतारावरचे रस्ते एका खिंडीसारख्या चौकात येऊन मिळतात. पायाखालची फरसबंदी काळ्या, पांढऱ्या आणि गुलाबी दगडांची नक्षी करून केली आहे. दुकानांत आज बहुतांश पर्यटकी माल आहे, त्यातला बराच बाहेरून आलेला. घ्यायचंच असेल तर लाकडावर आणि दगडावर कोरणारे कारागीर समोर बसून काम करतात, त्यांच्याकडून घ्या.

बाजारातली मशीद १७५७ ची. १९६७ साली साम्यवादी हुकूमशहा एनवर होजाच्या सरकारने सगळ्या धर्मांवर बंदी घातली तेव्हा गावातल्या बहुतेक मशिदी गेल्या. ही स्मारक म्हणून वाचली आणि तिच्या उंच घुमटाखाली सर्कशीतले कसरतपटू झोक्यांचा सराव करू लागले. आज ती पुन्हा मशीद आहे. गावात सुन्नी आहेत, बेकताशी सूफी आहेत, वारोश मोहल्ल्यात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, खोऱ्यातल्या गावांत ग्रीक भाषक आहेत. १९१४ च्या फेब्रुवारीत ग्रीक बाजूच्या लोकांनी ‘उत्तर एपिरस’चं (या भागाचं ग्रीक नाव) स्वायत्त सरकार याच गावात जाहीर केलं होतं. तो विषय अजून थंड झालेला नाही. ओळख नसताना चहाच्या टेबलावर काढू नये.

सूर्य कलला की ‘जिरो’ सुरू होतो, म्हणजे संध्याकाळचा फेरफटका. म्हातारे, तरुण, ढकलगाडीतली पोरं, सगळे बाहेर. खरा जिरो खालच्या नव्या गावातल्या सपाट, रुंद रस्त्यावर असतो. वरच्या बाजारात निम्मे लोक पर्यटकच. मान हलवण्याबाबत सावध राहा: जुन्या पिढीत होकाराची आणि नकाराची मान उलटी असते, आणि त्यात आपली मराठी डोलती मान मिसळली की दोन्ही बाजू गप्प होतात. ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही. तोंडानेच बोललेलं बरं.

दुसरा दिवस: किल्ला आणि त्याच्या पोटातला बोगदा

किल्ल्यावर सकाळी उघडताच जायचं. दहा-साडेदहाला सारांदाच्या बस येऊ लागतात. आत शिरल्यावर उंच कमानींचा लांबलचक अंधारा गाळा लागतो, त्यात दुसऱ्या महायुद्धात हस्तगत केलेल्या इटालियन आणि जर्मन तोफा ओळीने मांडल्या आहेत. शेवटी फियाट कंपनीचा एक छोटासा रणगाडा. त्याचा आकार बघितला की इटलीची १९४० ची ग्रीस मोहीम का फसली याचा थोडा अंदाज येतो. त्या मोहिमेत उलट ग्रीक सैन्यच पुढे सरकलं आणि डिसेंबर १९४० मध्ये त्याने हे गाव घेतलं. इटालियन, ग्रीक, पुन्हा इटालियन, मग जर्मन, असे मालक बदलत राहिले. खालच्या चौकाजवळ बुले नाइपी आणि पेर्सेफोनी कोकदिमा या दोन तरुण मुलींचं स्मारक आहे. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी त्यांना जाहीर फाशी दिलं. एक मुस्लिम घरातली, दुसरी ख्रिस्ती. त्यानंतर दोन महिन्यांत, १८ सप्टेंबरला गाव मुक्त झालं, आणि नव्या भागातल्या एका मोहल्ल्याला ती तारीखच नाव म्हणून मिळाली.

किल्ल्याचं आजचं रूप बरंचसं अली पाशाचं. त्याने १८११-१२ च्या सुमारास गाव घेतलं, तटबंदी वाढवली, घड्याळाचा मनोरा बांधला आणि डोंगरातून दहा किलोमीटरांहून लांब पाण्याचा पाट आणला. पाटाचा बहुतेक भाग १९३२ च्या सुमारास राजा झोगच्या काळात मोडला आणि त्याचा दगड किल्ल्यातल्या तुरुंगाला वापरला. उरलेली एक उंच कमान दुनावात मोहल्ल्याच्या वर आहे. बाजारातून अर्ध्या तासाची चाल, शेवटी पायवाट. गर्दी नसते, सावली असते. वेळ काढून जावं अशी जागा, पण फारसं कोणी जात नाही.

बाहेरच्या गच्चीवर सांगाडा झालेलं अमेरिकन विमान आहे: लॉकहीड टी-३३, दोन आसनी जेट. डिसेंबर १९५७ मध्ये ते अल्बेनियात उतरलं. सरकारी कथा अशी की हेरगिरीचं विमान आमच्या वैमानिकांनी खाली उतरवलं; अमेरिकेचं म्हणणं, वाट चुकून आणीबाणीत उतरावं लागलं. वैमानिकाला काही आठवड्यांत सोडलं, विमान ठेवून घेतलं. टी-३३ हे मुळात प्रशिक्षणाचं विमान, हे जाताजाता लक्षात घ्यावं.

राजकन्या अर्जिरोची कथा मार्गदर्शक हमखास सांगतात: तुर्कांच्या हाती लागू नये म्हणून तिने तान्ह्या बाळासह तटावरून उडी घेतली आणि तिच्यावरून गावाला नाव पडलं. ऐकायला छान आहे. पण गावाचं हे नाव १३३६ सालच्या बायझंटाइन नोंदीतच सापडतं आणि ऑटोमन सैन्य इथे १४१७ साली आलं.

त्याच गच्चीच्या पलीकडे एक मोठा रंगमंच दिसेल. १९६८ पासून इथे राष्ट्रीय लोककला महोत्सव भरतो. साधारण पाच वर्षांनी, पण नेम नाही: २००९ नंतर २०१५ आणि मग थेट २०२३. महोत्सव नसतानाही दक्षिण अल्बेनियाचं बहुस्वरी गायन गावात कानावर पडतं. ते ऐकायची रीत अशी: एक गायक सुरुवात करतो, दुसरा त्याला उत्तर देतो, लाब प्रदेशात तिसरा मध्येच वरचा स्वर ‘फेकतो’, आणि बाकीचे सगळे खाली एकच स्वर धरून ठेवतात. त्या धरलेल्या स्वराला ‘इसो’ म्हणतात. तोस्क या दुसऱ्या दक्षिणी पद्धतीत तो तुटत नाही, कारण माणसं आळीपाळीने श्वास घेतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला इसो लगेच सापडतो, पण वरचे स्वर कुठे भिडतील याचा अंदाज पहिल्या ऐकण्यात येत नाही. २००८ पासून हे गायन युनेस्कोच्या यादीत आहे.

दुपारी बोगदा. किल्ल्याच्या डोंगराखाली, सत्तरच्या दशकात गुपचूप खोदलेला: लांबी सुमारे ८०० मीटर, खोल्या ५९. अणुहल्ला झाला तर गावचा कारभार खालून चालावा म्हणून. सामान्य माणसाला त्यात जागा नव्हती, आणि असा बोगदा आहे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. दारांवर कोणत्या खात्याची खोली ते लिहिलेलं आहे. जनित्र, पाण्याच्या टाक्या, हवा खेळवण्याची यंत्रणा यांचे अवशेष आहेत. बाकी सामान नव्वदच्या दशकात लोकांनी नेलं. तिकीट आणि ठरावीक वेळेची फेरी प्रवेशद्वाराशीच मिळते. आत ओल आणि गारवा असतो. उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्या. बोगदा म्हणून फार काही बघण्यासारखं नाही, खरं सांगायचं तर. पण विमान, तुरुंग आणि बोगदा एका दिवसात बघितले की होजाचं राज्य कशाला घाबरत होतं ते एकसंध समजतं.

संध्याकाळी समोरच्या टेकडीवरच्या स्मृतिस्तंभाकडे चढा. १९०८ साली गावात सुरू झालेल्या अल्बेनियन शाळेची ती आठवण. त्याआधी ऑटोमन राज्यात या भाषेतून शिकवणं गुन्ह्यासारखं होतं. लिपीसुद्धा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मनास्तिरच्या परिषदेत ठरली. इथून बाजार, किल्ला आणि सगळी छपरं एका नजरेत येतात. उद्याची तयारी म्हणून छपरंच बघा. कुठलं सरळ आहे, कुठलं मध्ये खचलं आहे, कुठल्याच्या जागी नुसतं भगदाड आहे.

तिसरा दिवस: घरं

हा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. क्रम असा: आधी स्केंदुली घर, मग वांशिक संग्रहालय, मग कादंबरीकार कादारेंचं घर, आणि शेवटी सगळ्यांत वरचं झेकाते घर. असं केलं की चढ हळूहळू येतो आणि सर्वांत भव्य घर शेवटी पडतं.

ही घरं म्हणजे मुळात बुरूज. तळमजल्याच्या भिंती जाड, खिडक्या नाहीत, असल्या तर फटी. वैर पिढ्यान्‌पिढ्या चालायचं आणि दाराशी आलेला माणूस पाहुणा की शत्रू हे आधी वरून बघायचं असायचं. तळमजल्यावर कोठार, जनावरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याची टाकी, ‘स्तेरा’. ऑटोमन प्रवासी एवलिया चेलेबी १६७० साली इथे आला. त्याच्या नोंदीत घरं दोन हजार, दुकानं २८० आणि पाण्याचे सार्वजनिक नळ-कारंजे फक्त पाच. म्हणजे पाणी घराने स्वतःच साठवायचं. हिवाळ्यात दगडी छपरावर पडलेला पाऊस पन्हाळीतून थेट टाकीत उतरायचा आणि कोरडा उन्हाळा त्यावर निघायचा. टाकीमुळे खालचा मजला थंड राहायचा, म्हणून चीज, तेल, धान्य तिथेच. घर बघायला सुरुवात इथून करा. मालक वरच्या नक्षीदार खोल्या दाखवायला उत्सुक असतात, टाकी दाखवा म्हणून आपणच सांगावं लागतं.

पहिला मजला हिवाळ्याचा. छत बुटकं, खोल्या लहान, शेकोट्या जवळजवळ. वरचा मजला उन्हाळ्याचा आणि पाहुण्यांचा: उंच छत, ओळीने खिडक्या, वारा खेळेल असा सज्जा. भिंतीतच बसवलेली लाकडी कपाटं दिसतील. दिवसा अंथरुणं त्यांत, रात्री तीच खोली झोपायची. पाहुण्यांच्या खोलीत छताखाली एक छोटा लाकडी माळा, ‘माफिल’. खाली पुरुषांची बैठक चालू असताना बायका आणि मुलं जाळीआडून वरून बघायची. स्वयंपाकघरात काय लागेल, पाहुणा कसा आहे, लग्नाची बोलणी कुठवर आली, सगळं तिथे कळायचं.

स्केंदुली घर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, पुढे काही भाग नव्याने बांधलेला. शेकोट्या नऊ. धुराड्यांच्या संख्येवरून घराण्याची ऐपत मोजत, तेव्हा नऊ म्हणजे गावात मान. साम्यवादी काळात सरकारने घर घेतलं आणि संग्रहालय केलं; नंतर ते कुटुंबाला परत मिळालं आणि घरचेच लोक ते दाखवतात. चारांमधलं हेच सर्वांत अस्सल. घाई करू नका.

वांशिक संग्रहालय म्हणजे एनवर होजाच्या जन्मघराची जागा. होजा १९०८ साली इथे जन्मला आणि १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत देश त्याच्या मुठीत होता. मूळ घर १९१६ साली जळालं. १९६६ साली नवं बांधलं ते मूळ घराची प्रतिकृती नव्हे. गावातल्या वेगवेगळ्या श्रीमंत घरांतली उत्तम अंगं एकत्र करून हुकूमशहाला शोभेल असं उभारलेलं. सगळं नीटनेटकं, सगळं जागच्या जागी. स्केंदुली घर आधी बघितलेलं असेल तर यातली जोडाजोड लगेच लक्षात येते. उलट क्रमाने गेलात तर हेच खरं वाटतं.

त्याच पालोर्तो मोहल्ल्यात, काही मिनिटांवर इस्माइल कादारेंचं घर. जन्म १९३६, मृत्यू जुलै २०२४. महायुद्धातलं हे गाव एका लहान मुलाच्या नजरेतून मांडणारी त्यांची कादंबरी १९७१ ची. आलटूनपालटून येणारी सैन्यं, तळघरात लपणं, टाकीतलं पाणी, सगळं त्यात आहे. घर १९९९ साली जळालं, नंतर पुन्हा उभं केलं. आत वस्तू फार नाहीत.

झेकाते घर १८१२ च्या सुमाराचं, अली पाशाच्या कारभारातल्या बेकिर झेको या बड्या अधिकाऱ्याचं. समोर दोन भव्य कमानी, दोन्ही बाजूंना जुळे बुरूज. आतला जिनाही दुभंगून दोन्हीकडे जातो; दोन भावांच्या बिऱ्हाडांना सारखा वाटा मिळेल अशी ही मांडणी. वरच्या पाहुण्यांच्या खोलीत शेकोटीभोवती फुलाफळांची चित्रं आणि कोरीव लाकडी छत. दार बंद दिसलं तर शेजारच्या घरी हाक मारा; किल्ली तिथे असते. फळ्यांवर जपून चाला आणि सज्जाच्या कठड्याला टेकू नका.

आता छपराकडे. चुनखडीचे सपाट चिपे खालून वर, एकावर एक चढवत मांडलेले. त्यांना वजनच धरून ठेवतं, म्हणून उतार बेताचा ठेवावा लागतो. जास्त ठेवला तर चिपे घसरतात. हा सगळा भार लाकडी फळ्यांवर आणि वाशांवर. भिंतींतही ठरावीक अंतरावर आडवी लाकडं घातलेली आहेत, भूकंपात भिंत फाटू नये म्हणून. एक चिपा सरकला की पाणी फळीवर जातं, फळी कुजते, वासा वाकतो, शेजारचे चिपे सरकतात आणि काही पावसाळ्यांत छप्पर आत कोसळतं. मग उघड्या पडलेल्या भिंतीतली लाकडं कुजतात आणि भिंत पोट काढते. दुरुस्ती मुळात अवघड नाही. दर हिवाळ्याआधी कोणीतरी वर चढून सरकलेले चिपे जागेवर बसवायचे, एवढंच. पण ते कोणीतरी गावात हवं ना. १९९१ नंतर सीमा उघडली आणि कर्ती माणसं ग्रीसला गेली. १९९७ साली साखळी गुंतवणुकीच्या योजना बुडाल्या, लोकांनी शस्त्रागारं फोडली, गाव बंडखोरांच्या हाती गेलं, आणि आणखी लोक गेले. मागे राहिलेल्या घराला वारसदार इतके की एकाची सही अथेन्समधून, दुसऱ्याची आणखी कुठून, आणि छप्पर कोणाच्या पैशाने शाकारायचं यावर एकमत नाही.

कायदाही दुधारी आहे. १९६१ साली सरकारने गावाला ‘संग्रहालय-नगर’ ठरवलं, म्हणून सिमेंटच्या चाळी उभ्या राहिल्या त्या खाली, जुन्या गावाबाहेर. २००५ साली युनेस्कोचा दर्जा मिळाला. पहिल्या श्रेणीच्या घराला आतूनबाहेरून हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीच्या घराचं फक्त बाह्यरूप जपायचं. दगडी छप्पर काढून कौलं घालायची सोय नाही आणि दगडी छपराचा खर्च कौलांच्या कितीतरी पट. नियम पाळायला पैसा नाही, मोडायला परवानगी नाही, म्हणून घर तसंच पडून राहतं. बाजाराभोवतीची जी घरं झळाळून उठली आहेत त्यांतली बरीचशी आता हॉटेलं आहेत. राहायला अशाच एखाद्या घरात उतरा. वाचलेली छपरं बहुतेक याच पैशावर वाचली आहेत.

रात्री जेवायला चिफची. गावची खास वस्तू: भात, अंडी, पुदिना, मिरी यांचे तळलेले गोळे. पातेलं गोल खळग्यांचं, थेट आपलं आप्पेपात्र. घरी करायचे तर पाव किलो तांदूळ मऊ शिजवून पूर्ण गार करायचा, चार-पाच अंडी, मूठभर चिरलेला पुदिना, मीठ, भरपूर मिरपूड. खळग्यात बेताचं तेल तापवून मिश्रण घालायचं, कड सुटली की चमच्याने फिरवत सगळ्या बाजू लालसर करायच्या. भात गरम असला तर अंडं आधीच शिजतं आणि गोळा धरत नाही; बासमती सुटा राहतो म्हणून तोही फसतो. इंद्रायणी चालतो. काही घरी भात मांसाच्या रश्शात शिजवतात, तेव्हा शाकाहारी पण अंडं खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. अंडंही नको असेल तर पालकाचा ब्युरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) चालेल का विचारा, शिवाय भरली वांगी, चीज, दही आणि सॅलड आहेच. शेवटी ओशाफ: मेंढीच्या दुधात सुके अंजीर घालून घट्ट केलेला गोड पदार्थ.

चौथा दिवस: खोरं, आणि पुढची वाट

गाडी ठरवून पलीकडच्या डोंगरावर अंतिगोनियाला जा. एपिरसचा राजा पिऱ्हस याने इसवी सन पूर्व २९५ च्या सुमारास पत्नी अंतिगोनेच्या नावाने हे शहर वसवलं. पूर्व १६७ मध्ये रोमन सैन्याने एपिरसची सत्तर गावं एका मोहिमेत उद्ध्वस्त केली, तेव्हा हेही गेलं. जागा ओळखू आली ती उत्खननात मिळालेल्या, शहराचं नाव कोरलेल्या छोट्या काशाच्या चकत्यांमुळे. आता पाया आणि तटबंदीच उरली आहे, सावली अजिबात नाही. पाणी आणि टोपी न्या, दहाच्या आत पोहोचा. परतताना लिबोहोवा: अली पाशाने आपली बहीण शानिशा हिच्यासाठी बांधलेल्या कोटाचे तट आणि चौकातलं प्रचंड चिनार. त्याखाली जेवायची सोय आहे. वेळ उरला तर सोफ्रातिके गावाजवळचं हाद्रियानोपोलिसचं रोमन नाट्यगृह, खोऱ्याच्या सपाटीवर, रस्त्यापासून जवळ.

पुढे सारांदाला जाणार असाल तर वाटेत ‘निळा डोळा’, म्हणजे सिरी इ काल्तर हा झरा लागतो. पन्नास मीटरांहून खोल गेलेले पाणबुडे तळापर्यंत पोहोचलेले नाहीत. पाणी बाराही महिने दहा अंशांच्या आसपास, पोहायला मनाई. वाहनतळापासून दोनेक किलोमीटर चालावं लागतं. बसने गेलात तर परतीची बस हात दाखवून थांबवायची, आणि दुपारी उशिरा ती येईलच याची खात्री नसते.

सारांदाहून कॉर्फूची जलद बोट अर्ध्या तासाची, काकावियाच्या नाक्यावरून योआनिनाला जाणारा रस्ता दुसरा. दोन्ही वाटांनी ग्रीस म्हणजे शेंगेन. सिंगल एन्ट्री व्हिसावर ग्रीस फिरून अल्बेनियात आलेला माणूस परत आत जाऊ शकत नाही, मग विमान कॉर्फूहून असो वा अथेन्सहून. आणि ग्रीसचं घड्याळ अल्बेनियाच्या एक तास पुढे आहे: बोटीच्या तिकिटावरची सुटण्याची वेळ त्या त्या बंदराची असते, तेव्हा कॉर्फूहून पुढचं विमान पकडायचं असेल तर हा तास आधीच वजा करून बोट निवडा.